जासीमचं पातेलं

आमचे भाऊजी भात खायचे नाहीत.

आता कोकणातला माणूस, त्यातून जन्मभर बोटीवर स्वयंपाक केलेला, आणि भात नाही! माझ्याकडे भात शिजत असला की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे, वास घ्यायचे, "वहिनी, पाणी अर्धी वाटी जास्त पडलंय," म्हणून माझी चूक काढायचे, आणि पानावर बसले की दोन चपात्या. चपात्या नसल्या तर पाव. पाव नसला तर खाली हॉकरच्या टपऱ्यांवर जाऊन चिन्याच्या शेवया. पण शीत म्हणून तोंडात घालायचे नाहीत. डायबेटिस असेल असं सगळ्यांना वाटायचं. डायबेटिस कसला, कॉफीत तीन चमचे साखर घालायचे ते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. नाव मी घेत नाही, आमच्यात घेत नाहीत. बोटीवर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, ते भंडारी होते. बोटीवरून उतरले ते इथेच सिंगापुरात, एका शिपयार्डच्या कॅन्टीनला लागले, पीआर म्हणजे इथले कायमचे रहिवासी झाले, लग्न काही केलं नाही. हौगांगला एका चिनी म्हातारीच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेऊन राहायचे. माझा मुलगा बोटीच्या इंजिनाचं काम शिकला, तो त्यांच्याच नादानं. नोकरीला इथे आला आणि काकांच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये त्यानं फ्लॅट घेतला भाड्यानं. मग मलाही आणलं.

माझं काय, मी चौथी नापास. हे गेले तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. बावीस वर्षं काजूच्या कारखान्यात काजू फोडले मी. काजूचं तेल बोटांना लागून लागून कातडी जायची, परत यायची, परत जायची. शेवटी बोटांवरच्या रेघाच गेल्या. तेव्हा काही वाटलं नाही. इथे एअरपोर्टावर यंत्रात अंगठा ठेवला आणि यंत्र काही केल्या मला माणूस मानेना, तेव्हा कळलं. आता सवय झाली. मी आपली रांगेतून बाजूला होऊन उभी राहते, कोणतरी येतं, हात बघतं, सोडतं.

तर भाऊजी. त्यांच्या नाना तऱ्हा. घराला घर म्हणायचे नाहीत, केबिन. स्वयंपाकघर म्हणजे गॅली. रविवारी मला ईस्ट कोस्टला घेऊन जायचे. लोक तिथे सायकली चालवायला, खायला-प्यायला येतात. हे समुद्राकडे तोंड करून बसायचे आणि लांब उभ्या असलेल्या बोटी मोजायचे. "ती तांबडी दिसते ना वहिनी, तिच्यावर आज कोंबडी. रविवार आहे. ती पलीकडची काळी, तिच्यावर डाळ. तिचा भंडारी आळशी आहे."

"तुम्हाला काय माहीत हो?"

"धूर बघा ना कसा आळसानं येतोय."

आता धूर इंजिनाचा, हे मलाही कळतं. पण मी म्हणायची, हां, खरंच की.

आणि काटकसर! विमानात हातात सात किलोच सामान चालतं, म्हणून टेक्का बाजारातल्या शिंप्याकडून त्यांनी एक जाकीट शिवून घेतलं होतं, अकरा खिशांचं. गावी जाताना ते जाकीट घातलं की माणूस पिंपासारखा दिसायचा. एका खिशात चपला, एकात साबण, एकात चकल्या. "अंगावरचं वजन करत नाहीत," म्हणायचे. जिना चढताना चकल्या मोडल्याचा आवाज यायचा.

त्यांच्या खोलीत कपाटावर एक तांब्याचं पातेलं होतं. मोठं, झाकणाचं, पंच्यात गुंडाळून ठेवलेलं. त्यात काही शिजवायचे नाहीत, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. घरमालकीण चिनी म्हातारी, तिला वाटलं त्यात यांच्या बापाची राख आहे. सणाच्या दिवशी ती त्या पातेल्यापुढे दोन संत्री ठेवायची आणि उदबत्ती लावायची. एकदा मी गेले होते तेव्हा मलाच विचारते, "आंटी, हिज फादर इनसाइड आ?" भाऊजी म्हणाले, "असू दे वहिनी. संत्री गोड असतात."

एका वर्षी आमच्याकडे गणपतीत पंचवीस माणसं जेवायला यायची होती. भाताला मोठं भांडं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, ते तुमचं पातेलं द्या एक दिवस."

"ते माझं नाही."

"मग कोणाचं?"

"दुसऱ्याचं आहे. परत द्यायचंय." आणि मग खाली बसले, माझ्या मोदकांच्या ताटासमोरच, आणि सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तेव्हा भाऊजी विशीतले. त्यांची बोट बसऱ्याला गेली होती. इराकात आहे बसरा, मोठी नदी आहे, नदीतच बोटी लागतात. खजूर भरायचा होता. आणि इराण-इराकची लढाई लागली. "पुढे बुडालेली बोट, मागे बुडालेली बोट, मधे आम्ही," म्हणाले. बाहेर पडायला वाट नाही. तोफांचे आवाज. बोटीवरचा शिधा संपत आला. मग हे रोज पोतं घेऊन गावात जायचे, एका कालव्याच्या काठी एक बाई तंदुरात भाकऱ्या लावायची, तिच्याकडून भाकऱ्या आणायचे. तिला यांची भाषा येत नाही, यांना तिची येत नाही. पहिल्या दिवशी यांनी तिला बोटीवरचं आंब्याचं लोणचं दिलं चिमूटभर. तिनं चाखलं आणि ओरडली, "अंबा!"

हे चाट पडले. हे म्हणाले, "आंबा!"

तिकडे त्या लोणच्याला अंबाच म्हणतात. आपल्याकडूनच कधीतरी बोटीतून गेलेलं असणार, शब्दासकट. मग काय, दोघांचं सगळं बोलणं त्या एका शब्दावर. सकाळी भेटलं की "अंबा?" म्हणजे बरं आहे ना? रात्री तोफा जास्त झाल्या असल्या की मान हलवून "अंबा, अंबा," म्हणजे काही खरं नाही.

एक दिवस तिनं काय केलं, स्वतःचं पातेलं भरून भात आणि मासा दिला. बोटीवरच्या सगळ्यांसाठी. भात संपून तेव्हा पंधरा दिवस झाले होते. "वहिनी, माणसं रडली हो जेवताना. मोठी मोठी माणसं." भाऊजींनी पातेलं राखेनं घासलं, लख्ख केलं, परत द्यायला निघाले. जेटीवर आले आणि पाय थांबला.

पातेलं रिकामं होतं.

आमच्या सासूबाई कडक. शेजारणीचं भांडं रिकामं परत नेलं तर थोबाडीत द्यायच्या. काही नाही तर साखरेचे चार दाणे, पण घालायचेच. भाऊजींच्या हाडात ते बसलेलं. लोणचं तर संपलं होतं. म्हणाले, पलीकडच्या बोटीवर गोव्याचा भंडारी आहे, उद्या त्याच्याकडून वाटीभर आणतो, घालतो आणि मग देतो. एका दिवसानं काय होतंय?

दुसऱ्या दिवशी पहाटे बस आली. पंधरा मिनिटांत उतरा म्हणाले. सगळ्यांना जमिनीवरून देशाबाहेर काढलं. भाऊजींच्या वळकटीत ते पातेलं.

"तिच्याकडे मोठं पातेलं ते एकच होतं, वहिनी. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. घरात सात माणसं. त्या दिवशी तिनं भात कशात शिजवला असेल?"

हे झालं चाळीस वर्षांपूर्वीचं, आणि माणूस कालचं विचारल्यासारखं विचारत होता. तेव्हा मला कळलं हे भात का खात नाहीत. मी मोदक पुढे सरकवले.

परत द्यायचं तर कसं? एक लढाई संपली की तिकडे दुसरी. आणि बाईचा पत्ता नाही. नाव तेवढं होतं. पातेल्याच्या बुडाशी त्यांच्या लिपीत काहीतरी कोरलेलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसं. त्या गणपतीनंतर भाऊजींनी ते आमच्या मजल्यावरच्या मलाय मकचिककडून, म्हणजे मावशीकडून, वाचून घेतलं; तिला कुराणामुळे ती लिपी यायची. ती म्हणाली, "जासीम." तेव्हापासून ती बाई म्हणजे जासीम. "आज जासीमच्या गावाला पाऊस असेल," असं म्हणायचे. मकचिक हसायची, "अंकल, मॅन्स नेम लाह!" हे म्हणायचे, मग नवऱ्याचं असेल.

एक दिवस माझ्या नातीनं मोबाईलवर दाखवलं, कोणी एक पोरगी पाठीवर पिशवी टाकून एकटी बसरा फिरतेय, नदीकाठी आईस्क्रीम खातेय. भाऊजींनी ते सहा वेळा बघितलं. सातव्या वेळेला म्हणाले, "वहिनी, तुम्ही चला."

"मी? कुठे?"

"मी एकटा बाप्या तिथे एका बाईचं घर विचारत फिरलो तर मार खाईन. बरोबर बाईमाणूस पाहिजे. वयस्कर."

मुलगा म्हणाला, "आई, लोक तिकडून पळून येतात, आणि तुम्ही तिकडे निघालात?" नात म्हणाली, "आजी, यू सो ब्रेव्ह लाह." मी कसली शूर. मी म्हटलं, हा माणूस चाळीस वर्षं भाताचा वास घेत दारात उभा आहे. आता बसवायला पाहिजे ना कोणीतरी.

पातेलं रिकामं न्यायचं नव्हतं, लोणच्यानं भरून न्यायचं होतं. भाऊजी सामानाचे जास्तीचे पैसे भरणार नाहीत, हातातच न्यायचं म्हणाले, आणि हातातल्या सामानात लोणचं चालत नाही, तेल असतं ना. मग मी टेक्काहून कैऱ्या आणल्या, फोडी करून मीठ लावलं, खिडकीबाहेरच्या कपडे वाळत घालायच्या बांबूंवर चादरीत घालून सुकवल्या. मसाला वेगळा, हिंग वेगळा, मोहरीची डाळ वेगळी. तेल तिकडे घ्यायचं, कालवायचं तिकडेच. सात किलोत पावणेतीन किलो तर पातेलंच, बाकी सगळं जाकिटात. तपासणीच्या पोरानं एकेक खिसा रिकामा करायला लावला. पिवळी पूड, तांबडी पूड, काळ्या सुकलेल्या चकत्या. "अंकल, व्हॉट इज धिस?"

"पिकल, ऑफिसर. इन पार्ट्स."

तीन विमानं बदलून गेलो. बसऱ्याला उतरलो तर तिथेही अंगठ्याचं यंत्र. तिथल्या साहेबानं माझा अंगठा तीनदा दाबला, मग पुसला, मग परत दाबला. मी दोन्ही हात उलटे करून त्याच्यापुढे धरले. त्यानं बघितलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि जा म्हणाला. असं सिंगापुरात कोणी केलं नव्हतं.

दोन रात्रींचा मुक्काम. नदीकाठी एक स्वस्तातलं हॉटेल, खोली एकच घेतली. खोली मला आणि भाऊजी खाली ऑफिसातल्या बाकावर. तो मालक बिचारा शरमला, त्यानं उशी दिली. 

गाव कसं होतं विचाराल तर, आजारातून उठलेल्या माणसासारखं. भिंतींवर गोळ्यांचे व्रण, देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखे. काही सिमेंटनं भरलेले, काही तसेच. जुनी घरं मात्र काय देखणी! वरचा मजला सगळा लाकडी, नक्षीचा, गल्लीवर झुकलेला. काही घरं इतकी झुकलेली की समोरच्या घराच्या कानात काहीतरी सांगतायत असं वाटावं. त्यांच्या शेजारी नवीन काचेची दुकानं. कालव्यात कचरा. आणि नदीवर संध्याकाळी बायका-मुलं नटूनथटून. कोपऱ्यावर एक बाई म्हशीच्या दुधाची जाड साय विकत होती. मी म्हटलं, जिथे साय विकायला येते, ते गाव उठलं म्हणून समजा.

भाऊजींना तो कालवा काही सापडेना. मोबाईल नाचवत फिरले, "जासीम? जासीम का घर?" दर तिसरा माणूस म्हणायचा, मी जासीम. एक जासीम तर आम्हाला चहा पाजून पुढच्या जासीमकडे घेऊन गेला. दुपारपर्यंत चार जासीम झाले, काळ्या चहाचे आठ पेले झाले, ऊन असं की डोळ्यांपुढे काजवे. बाई नाही.

मी म्हटलं, "भाऊजी, ते राहू दे. आधी पातेल्याला कल्हई करून घ्या. आतली सगळी गेलीय. तांब्यात लोणचं घातलं तर कळकेल, आणि त्या बाईला विष द्यायला एवढ्या लांब आलो म्हणायचं."

तांबटांच्या गल्लीत गेलो. तीनच दुकानं उरली होती. त्यातल्या एकात पन्नाशीचा माणूस, तेलाच्या कंपनीत आपल्या लोकांबरोबर काम केलेला, मोडकं हिंदी बोलायचा. त्यानं पातेलं हातात घेतलं, उलटं केलं, आणि तसाच बसून राहिला.

"ये किधर से लाया?"

भाऊजी म्हणाले, "ये औरत का नाम है. जासीम."

"औरत?" तो हसायला लागला आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. "जासीम मेरा बाप. वो बनाया. अपना नाम डाला." भिंतीवर एका म्हाताऱ्याचा फोटो होता, तो दाखवला.

बघा. आपल्याकडे भांड्यावर नाव ज्याचं भांडं त्याचं. तिकडे ज्यानं घडवलं त्याचं. भाऊजी इतके दिवस त्या बाईला तांबटाच्या नावानं आठवत होते. त्यांचं तोंड एवढंसं झालं. स्टुलावर बसले ते उठेनात. "मग तिचं नाव काय?" मलाच विचारतात.

मी त्या तांबटाला म्हटलं, माझं हिंदी तसंच, "वो रोटीवाली. नदी का पानी जिधर अंदर आता. लढाई के टैम."

"तंदूर? लकडी का पुल के बाजू?" त्यानं हातातली पक्कड ठेवली. "उम्म सलाम!"

उम्म सलाम म्हणजे सलामची आई. तिकडे बाईला नावानं हाक मारत नाहीत, पोराच्या नावानं मारतात. त्यात नवीन काय? कारखान्यात बावीस वर्षं मलाही कोणी नावानं हाक मारली नाही.

"है?" भाऊजींनी विचारलं. तेवढा एकच शब्द. आणि स्टुलावरून उठले.

"है," तांबट म्हणाला. "बहुत बात करता है."

त्यानं कल्हई करून दिली, काही घेतलं नाही. बापाचं भांडं म्हणाला. तिथेच त्याच्या दुकानात बसून मी फोडी आणि मसाला कालवला, समोरच्या वाण्याकडून तेल आणलं. हिंगाचा वास गल्लीभर गेला आणि लोक डोकावून विचारायला लागले, "अंबा? अंबा?" तांबटालाच अर्धी वाटी द्यावी लागली. मग त्यानं दुकान बंद केलं आणि आम्हाला घेऊन निघाला.

कालव्याच्या काठी एक घर. वरचा लाकडी भाग जळून गेलेला, त्या जागी साध्या विटा. दारात खाटेवर दोन म्हाताऱ्या बसलेल्या, काळ्या कपड्यात, एक जाडी आणि एक बारीक. आत सून तंदुरात भाकऱ्या लावत होती. जाडीनं आम्हाला बघून खाटेवर हात आपटला, "चारपाया, चारपाया," म्हणजे बसा. शब्द आपलाच की, मी बसले.

भाऊजी उभेच. पातेलं दोन्ही हातांत धरून, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे.

जाडी तीच उम्म सलाम. तांबट तिला सांगायला लागला. ती काही भाऊजींकडे बघत नव्हती. तिला ते आठवतच नव्हते, हे मला लगेच कळलं. रोज किती खलाशी यायचे भाकऱ्या न्यायला. ती बघत होती पातेल्याकडे. तिनं ते ओढून घेतलं, काठाखाली एक पोचा होता त्यावर बोट फिरवलं. मग झाकण उघडलं. वास घेतला. आणि ओरडली, "अंबा!"

भाऊजी म्हणाले, "आंबा." 

मग तिला आठवलं. आठवलं म्हणजे काय, भाकरी तंदुरात थापायची एक गोल उशी असते, ती सुनेच्या हातातून ओढून घेतली आणि भाऊजींच्या पाठीत दोन घातल्या. पिठाचा हा धुरळा. आणि तोंडाचा पट्टा सुरू. तांबट भाषांतर करत होता, पण मला नको होतं. बाईचं पातेलं घेऊन गेलेल्या माणसाला बाई काय बोलते, ते कुठल्याही भाषेत कळतं.

ती दम घ्यायला थांबली तेव्हा भाऊजी तांबटाला म्हणाले, "उनको पूछो. उस दिन... चावल किसमें पकाया?"

तांबटानं विचारलं. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं. मग ती बारीक हसायला लागली, मग जाडी, आणि मग दोघी एवढ्या हसल्या की बारकीला ठसका लागला आणि सून पाणी घेऊन धावली.

त्या दिवशी भात शेजारणीच्या पातेल्यात शिजला. शेजारीण म्हणजे ही बारकी. उम्म सलाम तिच्याकडे पातेलं मागायला गेली, तर ती म्हणाली, भांडं कशाला नेतेस, तांदूळ घेऊन ये, एकत्रच घालू. त्या दिवशी एकत्र घातला. दुसऱ्या दिवशी यांचं सरपण नव्हतं, म्हणून एकत्र. तिसऱ्या दिवशी तिचे तांदूळ नव्हते. मग दोन घरांची चूल एकच झाली. ती लढाई गेली, पुढच्या लढाया गेल्या, दोघींचे नवरे गेले, वरचं लाकूड जळालं. चूल अजून एकच आहे. "ये बोलता है," तांबट म्हणाला, बारकीकडे बोट दाखवून, "पतेला वापस आ गया, अब क्या मेरे को घर से निकालेगी?"

भाऊजी खाली बसले. जमिनीवरच. अकरा खिशांच्या जाकिटासकट.

त्यांनी जेवायला घातलं. मोठ्या ताटात भात, वर मासा, बाजूला आमचं लोणचं. भाऊजींनी हात घातला आणि त्यांना घास जमेना. बोटांतून भात गळायचा. सवयच गेलेली हो, पोरासारखा सांडत होते. उम्म सलामनं त्यांच्या ताटाजवळची शितं गोळा करून परत ताटात टाकली आणि काहीतरी पुटपुटली. मी दुसरीकडे बघितलं. माणूस पहिला घास खातो तेव्हा बघू नये.

जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ सरकली आणि माझा हात धरून उलटा केला. मग स्वतःचा हात शेजारी ठेवला. तंदुरात हात घालून घालून तिच्या बोटांवरही एक रेघ राहिली नव्हती. गुळगुळीत. तिनं माझं बोट तिच्या बोटावर घासलं आणि भुवया उडवल्या. काय बोलायचं? मी म्हटलं, "अंबा." ती म्हणाली, "अंबा, अंबा."

आणि आम्ही निघालो तेव्हा सून आतून पातेलं घेऊन आली. लोणचं त्यांनी बरणीत काढलं होतं. पातेलं घासलेलं, लख्ख. आणि काठोकाठ खजुरांनी भरलेलं.

भाऊजींनी हात मागे घेतले. "नको, नको! नो! इट इज युवर्स!" तांबट म्हणाला, "वो बोलता है, मेहमान को खाली हाथ नहीं भेजता. खजूर खाओ, पतेला वापस लाओ." उम्म सलाम दारात कमरेवर हात ठेवून उभी. त्या बाईशी वाद घालायची कोणाची ताकद नव्हती. मी पातेलं घेतलं. सवयीनं म्हटलं, "येते हां." तांबटानं विचारलं, क्या बोला? मी सांगितलं. त्यानं तिला सांगितलं. तिनं मान डोलावली, जसं काही ठरलंच होतं.

परतीच्या एअरपोर्टावर भाऊजी पातेल्याकडे बघत बसले होते. मांडीवर घेऊन. निम्मे खजूर जाकिटात गेले होते. मग म्हणाले, "वहिनी, आता?"

मला माहीत होतं ते काय विचारतायत. म्हटलं, "आता काही नाही. तुम्ही भात खायचा. पातेलं माझ्याकडे ठेवा. तुम्ही तुमचं फेडलंत, आता हे माझ्या नावावर."

त्यांनी दिलं. निमूट दिलं.

त्यानंतर अडीच वर्षं भाऊजींनी भात खाल्ला. दोन्ही वेळा. सकाळी उरलेला फोडणीचाही. एवढे सुटले की जाकिटाची बटणं लागेनात. गेल्या वर्षी दुपारचं जेवून झोपले ते उठले नाहीत. घरमालकीण म्हातारीनं कपाटावर त्यांचा फोटो ठेवलाय, संत्री असतात पुढे. मी तिला सांगितलं, भाताचीही वाटी ठेवत जा. ठेवते बिचारी.

पातेलं माझ्या कपाटावर आहे. नात म्हणते, "आजी, कुरियर कर ना, सो इझी." कुरियरनं भांडं परत करतात होय? मुलगा म्हणतो, आई, तुझं वय बघ. वय बघितलं मी. माझ्यापेक्षा त्या दोघीजणी मोठ्या आहेत, आणि तांबट मधूनमधून मोबाईलवर त्यांचा फोटो पाठवतो, खाटेवर बसलेल्या. टेक्काला कैऱ्या आल्यात, फोडी मीठ लावून काल खिडकीत घातल्या. ते अकरा खिशांचं जाकीट शिंप्याकडे देऊन माझ्या मापाचं करून घेतलंय.

भात मात्र मी सोडलेला नाही. तिचा भात कशात शिजतो ते मला ठाऊक आहे.